दातवण, मिश्री आणि साखर : कोपरगाव परिसरातील दंतरक्षणाच्या इतिहासाची काही शब्दसाधने

कोपरगावचा इतिहास सांगावयाचा म्हणजे राघोबादादांचा वाडा, १७८३ मध्ये त्याच परिसरात झालेला त्यांचा अंत आणि त्यानंतर दीड शतकाने उभे राहिलेले साखर कारखाने, असा क्रम सामान्यतः धरला जातो. गोदावरीच्या घाटावर दररोज पहाटे तोंड धुण्यास येणाऱ्या माणसाचा इतिहास या क्रमात कोठेच येत नाही. तो दप्तरात नोंदविलेला नाही, हे त्याचे एक कारण. परंतु दप्तर जेथे मुके असते तेथे शब्द पुष्कळदा बोलतात. दातवण, राखुंडी, मिश्री, कीड, कीटण, कवळी हे शब्द कोपरगावकरांच्या बोलण्यात आजही आहेत किंवा कालपरवापर्यंत होते. त्यांच्या आधारे दातांच्या निगेचा इतिहास बऱ्याच अंशी उभा करता येतो, आणि त्या इतिहासात निगेची जागा व्यसनाने नेमकी कोठे घेतली तेही दाखविता येते.

यांपैकी सर्वांत जुना शब्द ‘दातवण’ होय. संस्कृत ‘दंतपवन’, म्हणजे दात शुद्ध करण्याचे साधन, यापासून प्राकृत ‘दंतवण’ व त्यापासून मराठी ‘दातवण’ ही परंपरा सरळ आहे. पालीत याच शब्दाचे ‘दंतपोण’ झाले. बौद्धांच्या विनयात भिक्षूंना दातकाडी वापरण्याची अनुज्ञा आहे. ती आठ अंगुळांहून लांब असू नये व चार अंगुळांहून आखूड असू नये, इतका तपशील तेथे दिला आहे. उलटपक्षी जैनांच्या ‘दसवेयालिय’ सूत्रात दंतवण हे साधूने वर्ज्य करावयाच्या गोष्टींत गणले आहे, आणि तेही अंजन व अंगाला तेल लावणे यांच्या पंक्तीला बसवून. एकाच कृतीकडे एका पंथाने आरोग्य म्हणून पाहिले, दुसऱ्याने शृंगार म्हणून. या दुहेरी दृष्टीचे परिणाम पुढे मराठी मुलखातही दिसून येतात.

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील चोविसाव्या अध्यायात दंतधावनाचा विधी येतो. काडी बारा अंगुळे लांब व करंगळीएवढी जाड असावी. कडू रसाच्या वृक्षांत निंब, तुरट रसाच्या खदिर, तिखट रसाच्या करंज आणि मधुर रसाच्या मोह श्रेष्ठ, असे तेथे सांगितले आहे. निंब, करंज आणि त्यांच्या जोडीला बाभूळ ही झाडे गोदाकाठी हाताशी होती. तथापि या वृक्षांच्या यादीपेक्षा अध्यायाचे नाव अधिक महत्त्वाचे आहे. ते आहे ‘अनागताबाधाप्रतिषेध’, म्हणजे अद्याप न आलेल्या पीडेचा प्रतिबंध. आजचे दंतवैद्य ज्याला प्रतिबंधक उपचार म्हणतात त्याला इतका नेमका शब्द मराठीस अद्याप सापडलेला नाही, हे खेदाने म्हणावे लागते.

मराठीत मात्र ‘दातवण’ या शब्दास दुसरा अर्थ चिकटला आणि कालांतराने तोच बलवत्तर झाला. हिरडा, हिराकस इत्यादींच्या पुडीने स्त्रिया दात काळे करीत. त्या पुडीलाच दातवण म्हणू लागले. हिरड्यातील तुरट द्रव्य व हिराकसातील लोह यांच्या संयोगाने काळा रंग तयार होतो. दौतीतील जुनी शाई याच रीतीने होत असे, तेव्हा लेखणी आणि हसू यांना एकच रंग पुरविला जात होता असे म्हणावयास हरकत नाही. सवाष्णीच्या शृंगारात या दातवणाला स्थान होते. विधवेने ते वर्ज्य करावयाचे. जपानमध्ये ‘ओहागुरो’ नावाची अशीच चाल होती. तेथेही लोह व तुरट द्रव्य हीच सामग्री होती आणि दात काळे करणे हे विवाहित स्त्रीचे लक्षण मानले जाई. १८७० मध्ये तेथील शासनाने सरदारवर्गापुरती ती चाल बंद केली. असा काळा लेप दातांचे किडण्यापासून काही अंशी रक्षण करी, असे मत पुढील अभ्यासकांनी मांडले आहे. म्हणजे शृंगाराच्या पोटात थोडेफार आरोग्यही होते.

पुरुषांकडे आणि गरिबांच्या घरी राखुंडी होती. गोवरीची राख बोटाने दातांवर घासली की दात पांढरे दिसत. मात्र भरड राखेने दातांवरचे कठीण कवचही झिजे. पुढे मुंबईच्या माकडछाप काळ्या पावडरीने राखुंडीची सवय डबीत भरून विकली. १९५२ मध्ये केशव विष्णू पेंढरकर यांनी स्थापन केलेल्या विकोने वज्रदंती दंतमंजन घरोघर नेले. हे मंजन औषध की प्रसाधन, हा प्रश्न अबकारी कराच्या निमित्ताने अनेक वर्षे न्यायालयांपुढे होता. बौद्ध आणि जैन आचारांमधील जुना मतभेदच जणू करखात्याच्या भाषेत पुन्हा उभा राहिला.

याच काळ्या पुडीच्या वाटेने मिश्री आली. तंबाखू पोर्तुगीजांबरोबर भारतात आली. सतराव्या शतकाच्या आरंभी असद बेगने ती विजापुराहून अकबराच्या दरबारी नेली, यावरून दख्खनेत ती त्यापूर्वीच रुळली होती हे उघड आहे. तेव्हा मिश्री ही चाल कितीही परंपरागत वाटली तरी चारशे-सव्वाचारशे वर्षांपलीकडे ती जाऊ शकत नाही. दातवणाच्या मानाने ती कालची होय. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजावयाची, कुटून तिची पूड करावयाची व बोटाने दात-हिरड्यांवर घासावयाची. रंग तोच, बोट तेच, वेळ तीच आणि मुख्यतः वापरणारी स्त्रीही तीच. दातवणाच्या ठिकाणी तंबाखू येऊन बसली तरी कृतीचे नाव ‘दात घासणे’ हेच राहिले. या नावानेच मोठा अनर्थ केला. विडी ओढणाऱ्या स्त्रीला गावाने बोल लावला असता. मिश्री लावणारीला लावला नाही, कारण ती तोंड धूत होती. सासू-सून एकाच डबीतून मिश्री घेत आणि ती स्वच्छतेचीच गोष्ट मानीत. सकाळची एक वेळ पुढे दोन, तीन, चार वेळांवर गेली. मिश्रीविना डोके धरते, शौचास होत नाही, असे बोलणे घरोघर ऐकू येऊ लागले. दात घासण्याचे साधन चुकल्याने कोणाचे डोके दुखत नाही, ही साधी शंका शब्दाच्या आड दडून राहिली.

या अनर्थाचे मोजमापही झाले आहे. मुंबईतील १,२१७ गर्भवती स्त्रियांच्या अभ्यासाचा निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. धूरविरहित तंबाखू, आणि तीत मुख्यतः मिश्री, वापरणाऱ्या स्त्रियांच्या नवजात बालकांचे वजन सरासरीने १०५ ग्रॅम कमी भरले. हिरड्या मागे सरणे, तोंडातील पांढरे चट्टे व मुखाचा कर्करोग यांच्याशी तंबाखूचा संबंध तर सुविदितच आहे. १९९२ मध्ये केंद्र शासनाने दंतमंजन व टूथपेस्ट यांत तंबाखू घालण्यास बंदी केली, आणि १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरविली. परंतु ही बंदी कारखान्यातील डबीवर आहे. घरच्या चुलीवरील तव्याला कोणता निरीक्षक भेट देणार?

या शब्दाची एक गंमत कोपरगावासारख्या ठिकाणीच ध्यानात येते. शिर्डी तेथून जवळ. पूर्वी ती कोपरगाव तालुक्यातच होती, आता राहाता तालुक्यात आहे. उत्तरेकडील यात्रेकरू प्रसादासाठी ‘मिस्री’ मागतो तेव्हा त्याला खडीसाखर हवी असते. मिस्र देशावरून पडलेले ते साखरेचे नाव. परिसरातील म्हातारी दुकानात ‘मिश्री’ मागते तेव्हा तिला तंबाखू हवी असते. दातांचे दोन शत्रू एकाच नावाने एकाच फळीवर बसले आहेत.

दुसऱ्या शत्रूचा इतिहास या तालुक्यापुरता तरी फार स्पष्ट आहे. गोदावरीच्या कालव्यांपूर्वी हा मुलूख बाजरी-ज्वारीचा व दुष्काळाचा. १९१६ मध्ये दारणा धरण पुरे झाले, नांदूर मधमेश्वराहून निघालेल्या कालव्यांना भरवशाचे पाणी मिळाले आणि ऊस वाढला. १९४० च्या सुमारास करमशी सोमय्या यांच्या गोदावरी शुगर मिल्सचे साकरवाडी व लक्ष्मीवाडी येथील कारखाने उभे राहिले. ‘साकर’ हे रूप गुजरातीत आजही रूढ आहे, जुन्या मराठीतही ते आढळते. गावाच्याच नावात साखर आली ती या रूपाने. स्वातंत्र्यानंतर कोळपेवाडी व सहजानंदनगर येथे सहकारी कारखाने झाले. गुळाच्या खड्याने पाणी पिणारे घर साखरेचा चहा दिवसातून अनेकदा पिऊ लागले. सभासदास सवलतीच्या दराने मिळणारी साखर ही मानाची वस्तू झाली व दिवाळीत ती पोत्याने घरी येऊ लागली. या साखरेने तालुक्यात शाळा, रस्ते व महाविद्यालये आली हे विसरता येणार नाही. पण लहान मुलांच्या दाढांनीही तिचा हिशेब चुकता केला.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. साखर किती खाल्ली यापेक्षा ती किती वेळा खाल्ली व दाताला किती वेळ चिकटून राहिली, हे अधिक निर्णायक ठरते. स्वीडनमधील विपेहोल्म येथे १९४५ पासून झालेल्या प्रयोगांतून हे सिद्ध झाले. ते प्रयोग मनोदुर्बल रुग्णांवर करण्यात आले व त्यासाठी त्यांना चिकट मिठाई चारण्यात आली, हा त्या ज्ञानावरील डाग आहे. दातांवरील चिकट थरातील जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात, आम्लाने कवचातील क्षार विरघळतात, आणि लाळ ते हळूहळू भरून काढते. दर तासाला गोड चहा घेतला तर लाळेस ती उसंतच मिळत नाही. फ्लोराइडयुक्त पेस्ट ही भरपाई दृढ करते. रात्री निजण्यापूर्वी दात घासावेत असे दंतवैद्य सांगतात त्याचे कारण हेच, की झोपेत लाळ कमी होते. मराठी दिनचर्येत मात्र दात घासणे हे पहाटेचे, स्नानापूर्वीचे शुद्धिकर्म. रात्रीच्या दात घासण्याला भाषेत स्वतंत्र शब्द नाही, यात नवल ते काय?

‘दाताला कीड लागली’ ही शब्दयोजना याहून निराळ्या समजुतीची आहे. सुश्रुताने ‘कृमिदंतक’ सांगितला. बाबिलोनियातही दातातील किड्याचा मंत्र होता. शेतकऱ्याला उसाची व कपाशीची कीड ठाऊक, तशीच ही. म्हणून उपायही कीड हुसकण्याचा: भुईरिंगणीच्या बियांचा धूर तोंडात घ्यावयाचा व पडलेले ‘किडे’ वाटीतील पाण्यात पाहावयाचे. युरोपात खुरासानी ओव्याच्या धुराने हाच प्रकार करीत. पाण्यात पडलेले किडे म्हणजे उष्णतेने बियांतून बाहेर आलेले अंकुर, असे तेथे दाखविण्यात आले. लवंग ठेवण्याचा उपाय मात्र खरोखरीच वेदना शमविणारा आहे. लवंगेच्या तेलातील युजेनॉल दंतवैद्यांनीही स्वीकारले.

कीड गेली नाही तर दात काढणे एवढेच उरे. ते काम न्हावी किंवा वैदू करी. ‘वरची दाढ काढली तर डोळा जातो’ ही समजूत आजही दवाखान्यात ऐकू येते. ती अडाण्याची कल्पना म्हणून हसण्यावारी नेणे योग्य नव्हे. वरचा दात उपटल्यास अतिरक्तस्रावाने काणेपणा व तोंड वाकडे होणे हे विकार होतात, असे सुश्रुतसंहितेतच म्हटले आहे. दीड-दोन हजार वर्षांपूर्वीचे वचन ग्रंथ न वाचणाऱ्यांच्या तोंडी जिवंत राहिले. ते खरे नाही. परंतु त्यामुळे पिकलेली दाढ तशीच ठेवून माणसे सूज व ताप सोशीत राहतात, हे खरे आहे.

शिकलेला दंतवैद्य या भागात उशिरा पोहोचला. डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी कलकत्त्यास १९२० मध्ये दंत महाविद्यालय काढले, मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ मध्ये निघाले आणि दंतवैद्यांच्या नोंदणीचा कायदा १९४८ मध्ये झाला. कोपरगावापासून फार दूर नसलेल्या लोणी येथे ग्रामीण दंत महाविद्यालय होण्यास त्यानंतरही काही दशके जावी लागली. या क्रमाचे प्रतिबिंब क्रियापदांत पाहावयास मिळते. प्रथम दात ‘काढणे’ होते. मग पारा मिसळलेल्या मिश्रणास चांदी समजून ‘चांदी भरणे’ आले. ‘दात वाचविणे’ ही शब्दयोजना त्यामागून रूट कॅनालबरोबर आली. ‘दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत’ या म्हणीत दात जाणे हे केस पिकण्याइतकेच स्वाभाविक गृहीत धरले आहे. वस्तुतः पुष्कळ दात वयाने जात नाहीत, हिरड्यांच्या रोगाने जातात.

आणि तो रोग आवरण्याच्या साध्या उपायावरच लोकांचा विश्वास सर्वांत कमी. यंत्राने दात साफ करून घेतले की ते हलू लागतात, अशी तक्रार सर्वत्र आहे. दातांवर साचून दगड झालेल्या थरास मराठीत कीटण म्हणतात. लोखंडाच्या कीटाशी त्याचे नाते उघड आहे. हे कीटण हिरडीस मागे ढकलते व मोकळ्या झालेल्या दातांना गिलाव्यासारखे धरून ठेवते. ते काढल्यावर आधीपासून असलेली फट व आधीपासून असलेला सैलपणा प्रथमच जाणवतो, आणि दोष काढणाऱ्यावर येतो. सुश्रुताने यास ‘दंतशर्करा’ म्हटले आहे. शर्करा म्हणजे मुळात खडी, वाळूचा खडा. उसाच्या रसाचे खडे त्यासारखे दिसले म्हणून तीही शर्करा, प्राकृतात ‘सक्करा’, मराठीत साखर. हाच शब्द फारसीत ‘शकर’ होऊन पश्चिमेकडे गेला. दंतशर्करेत साखर नाही, खडीच आहे. आणि ती हिरडीस न दुखविता कशी सोडवावी, नंतर दातांवर लाखेचे चूर्ण मधाबरोबर चोळावे, हेही त्याच ग्रंथात सांगून ठेवले आहे.