संकटकाळ आणि मध्यम कारखाना : किर्लोस्करवाडीचे उदाहरण (१९१०–१९४६)

पहिल्या महायुद्धाने परदेशी माल थांबविला आणि त्यामुळे देशी कारखाने वाढले, असे विधान महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासात वारंवार केले जाते. ते चुकीचे नाही. परंतु अपुरे आहे. जे युद्ध प्रतिस्पर्ध्याची आयात रोखते, तेच कारखान्याला लागणारे कच्चे लोखंड आणि कोक यांचीही टंचाई निर्माण करते. त्यामुळे बाजारपेठ मोकळी होणे आणि तिचा लाभ घेता येणे या दोन भिन्न गोष्टी ठरतात. त्यांमधील अंतर एका मध्यम आकाराच्या कारखान्याने कसे ओलांडले, हे किर्लोस्करवाडीच्या इतिहासावरून पाहता येते.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी सायकलींच्या दुकानापासून बेळगावात उद्योगास आरंभ केला आणि पुढे कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर यांकडे ते वळले. नांगराचे स्वागत थंडपणे झाले. लोखंडाने जमीन बिघडते हा समज शेतकरीवर्गात दृढ होता. पहिले सहा नांगर खपण्यास सुमारे दोन वर्षे लागली. हा विश्वास जेमतेम संपादन होतो न होतो, तोच नगरपालिकेच्या योजनेसाठी कारखान्याची जागा सोडण्याची वेळ आली. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळ सुमारे ३२ एकर माळरान दिले आणि १९१० मध्ये तेथे कारखाना व वसाहत उभी राहू लागली.

१९१४ साली युद्ध सुरू झाले, तेव्हा या कारखान्याची स्थिती विशिष्ट प्रकारची होती. ओतशाळा, लोहारकाम, नमुने तयार करणारे सुतारकाम आणि यंत्रशाळा ही अंगे एकाच आवारात होती. गावच्या लोहारापाशी कसब होते, पण भट्टी व भांडवल नव्हते. मुंबईच्या गिरणीपाशी भांडवल होते. परंतु तिची सर्व यंत्रसामग्री एकाच मालासाठी मांडलेली होती. मध्यम कारखान्याला माल बदलता येत होता, तसाच कच्च्या मालाचा स्रोतही. टंचाईच्या काळात मोडीच्या लोखंडाचे महत्त्व वाढले. कोल्हापूर दरबाराकडील जुन्या तोफा शाहू महाराजांनी या कारखान्यास दिल्या आणि त्यांच्या धातूपासून नांगर घडविले गेले. या घटनेतील काव्य सर्वांच्या लक्षात राहते. अर्थशास्त्राच्या दृष्टीने मात्र तिचा अर्थ असा, की संस्थानिकांशी जडलेले संबंध हेही या कारखान्याचे एक प्रकारचे भांडवलच होते.

युद्ध संपताच परीक्षा उलटी झाली. परदेशी माल पुन्हा येणार हे उघड होते. जानेवारी १९२० मध्ये ‘किर्लोस्कर ब्रदर्स’चे रूपांतर मर्यादित कंपनीत झाले, म्हणजे तेजीतील प्रतिष्ठेचे स्थायी भांडवलात परिवर्तन करण्यात आले. त्याच वर्षी शंकरराव किर्लोस्कर यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली. कारखान्याचे वृत्त गिऱ्हाइकांपर्यंत नेणारे हे पत्र पुढे मराठीतील एक प्रमुख मासिक बनले.

१९२९ नंतरची मंदी या सर्वांहून कठीण होती. येथे माल येणे थांबले नव्हते, गिऱ्हाईकच थांबले होते. शेतमालाचे भाव काही वर्षांत सुमारे निम्म्यावर आले. रयतवारी सारा मात्र रोख रकमेत ठरलेला असे. त्यामुळे तोच सारा भरण्यासाठी शेतकऱ्याला जवळजवळ दुप्पट धान्य विकावे लागे. अशा वेळी नवा नांगर ही पुढे ढकलण्याजोगी खरेदी ठरली. अमेरिकेत यांत्रिक अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन १९२६ मध्ये परतलेले शंतनुराव आणि त्यांचे सहकारी यांनी पोलादी फर्निचर, लेथ, पंप व एंजिने अशा मालाकडे अधिक लक्ष दिले. यामागील तत्त्व साधे होते : ज्याचे उत्पन्न पावसावर व भावांवर अवलंबून नाही, असे गिऱ्हाईकही असावे.

दुसऱ्या महायुद्धात लेथची मागणी वाढली, तेव्हा ते कसब आधीच हाताशी होते. १९४१ मध्ये हरिहर येथे म्हैसूर किर्लोस्कर, तर १९४६ मध्ये बंगलोर येथे विजेच्या यंत्रांची आणि पुण्यास तेल एंजिनांची कंपनी स्थापन झाली. या शाखाविस्ताराची बीजे तेजीत नव्हे, मंदीत पेरली गेली होती.

या इतिहासाची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. लाकडी नांगर हे गावच्या सुताराचे बलुत्याचे काम होते. लोखंडी नांगर जसजसा पसरला, तसतसा त्या कामाचा पाया ढासळला. आणि नवा व्यवसाय पत्करण्यासाठी सुतारापाशी ना संस्थानिकाचा आश्रय होता, ना भागधारक. कारखान्याला बदलण्यासाठी जो अवधी मिळाला, तो त्याला मिळाला नाही. संकटात कोण वाढले याचा शोध घेताना, बदलण्याची साधने संकटापूर्वी कोणाच्या हाती होती, हा प्रश्न म्हणूनच प्रथम विचारावा लागतो. किर्लोस्करवाडीचे यश त्यामुळे कमी ठरत नाही. ते अधिक नेमकेपणाने समजते.