आधी दुसऱ्यांना टाकू दे

सर्व्हर सांभाळणाऱ्या जमातीत एक अलिखित नियम आहे. नवीन अपडेट आलं की पहिल्या दिवशी हात लावायचा नाही. आधी दुसऱ्यांना टाकू दे, कुणाचं काय मोडतंय ते बघू, मग आपण. अपडेटच्या माहितीत 'नोन इश्यूज' म्हणून यादी असते, ती जरा भरू द्यायची. बाहेरच्याला हा आळशीपणा वाटेल, पण तो तसा नाही. या नियमामागे पंचवीसेक वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यात घाई करणारेही पोळलेत आणि थांबणारेही.

सुरुवात विंडोज एनटी ४.० पासून करू. हे आलं १९९६ साली. तेव्हा दर महिन्याला अपडेट ही भानगडच नव्हती. मधूनमधून 'सर्व्हिस पॅक' नावाचा मोठा गठ्ठा यायचा. डिसेंबर १९९६ मध्ये दुसरा सर्व्हिस पॅक आला आणि तो टाकल्यावर बऱ्याच मशीन्सवर थेट निळा स्क्रीन! त्यात आणखी एक गंमत. सर्व्हिस पॅक टाकल्यावर तुम्ही मूळ सीडीवरून नेटवर्कचा एखादा भाग नव्याने टाकलात, की सीडीवरच्या जुन्या फाइल्स नव्या फाइल्सच्या उरावर बसायच्या. म्हणजे दुरुस्त झालेली चूक परत हजर. उपाय काय? सर्व्हिस पॅक पुन्हा टाका.

पण खरा धडा मिळाला ऑक्टोबर १९९९ मध्ये, सहाव्या सर्व्हिस पॅकच्या वेळी. वायटूकेची धामधूम चालू होती, सगळ्यांना डिसेंबरच्या आत मशीन्स तयार हवी होती. आणि हा पॅक टाकला की लोटस नोट्ससारख्या प्रोग्रॅम्सना नेटवर्कवर कनेक्टच होता येईना. मेख अशी की ज्याच्याकडे अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे हक्क आहेत, त्याचं सगळं व्यवस्थित चालायचं. अडायचं ते साध्या युजरचं. आता बोला! अ‍ॅडमिनने स्वतःच्या लॉगिनने तपासून बघितलं तर सगळं छान, आणि सकाळी ऑफिस भरलं की मेल बंद. मायक्रोसॉफ्टने पुढच्याच महिन्यात '६ए' काढून हे निस्तरलं. पण लोकांच्या मनात जे बसायचं ते बसलं: पहिल्या दिवशी टाकायचं नाही.

इथपर्यंत थांबणारे शहाणे ठरत होते. मग २००१ उजाडलं.

१८ जून २००१ ला मायक्रोसॉफ्टने आयआयएस या वेब सर्व्हरमधल्या एका भोकासाठी पॅच दिला. बरोबर ३१ दिवसांनी, १९ जुलैला 'कोड रेड' या वर्मने त्याच भोकातून चौदा तासांच्या आत साडेतीन लाखांहून जास्त मशीन्स धरली. पॅच होता, टाकलेला नव्हता.

२००२ मध्ये अमेरिकेतल्या काही संशोधकांनी या दुविधेचं चक्क गणित मांडलं. कल्पना साधी आहे. पॅच जितका जुना होतो, तितका तो बिघडलेला निघण्याचा धोका कमी होतो, कारण तोवर दुसऱ्यांनी ठेचा खाऊन झालेल्या असतात. पण तितकाच बाहेरून हल्ला होण्याचा धोका वाढत जातो. एक रेघ खाली येते, एक वर जाते. त्या जिथे एकमेकींना छेदतात तो पॅच टाकायचा योग्य दिवस. प्रत्यक्ष पॅचेसचा अभ्यास करून त्यांना असे दोन टप्पे सापडले: १० दिवस आणि ३० दिवस. म्हणजे थांबणं चूक नव्हतंच, पण थांबण्याला तारीख हवी!

ती तारीख लोकांनी मनावर घेतली नाही. २४ जुलै २००२ ला एसक्यूएल सर्व्हरचा एक पॅच आला. तो हाताने फाइल्स बदलून टाकायचा होता, म्हणून अनेकांनी 'बघू नंतर' केलं. सहा महिन्यांनी, २५ जानेवारी २००३ ला, आपल्याकडे शनिवारी सकाळी अकराच्या सुमाराला 'स्लॅमर' सुटला. अवघ्या ३७६ बाइट्सचा वर्म, म्हणजे हा परिच्छेदही त्यापेक्षा मोठा आहे. सुरुवातीला दर साडेआठ सेकंदांनी दुप्पट होत त्याने दहा मिनिटांत भोक उघडं असलेली ९० टक्क्यांहून जास्त मशीन्स गाठली. खुद्द मायक्रोसॉफ्टच्या आतलीही काही मशीन्स त्यात सापडली. पॅच बनवणाऱ्यांच्या घरीच पॅच टाकायचा राहिला होता!

ऑक्टोबर २००३ पासून मायक्रोसॉफ्टने महिन्याचा दुसरा मंगळवार ठरवून टाकला. निदान बॉम्ब कधी येणार ते कळू लागलं. भारतात तो मंगळवारी रात्री साडेदहा-साडेअकराला पडतो, म्हणजे आपली कसोटी बुधवारी. ऑक्टोबर २०१६ पासून जुन्या सर्व्हर आवृत्त्यांसाठीही सगळे पॅच एकत्र बांधून येऊ लागले. हा घेतो, तो नको, अशी निवड संपली. घ्या नाहीतर सोडा.

तरी २०१७ टळलं नाही. पॅच १४ मार्चला आला, 'वॉनाक्राय' १२ मेला. मध्ये ५९ दिवस. ब्रिटनच्या सरकारी हॉस्पिटल्समध्ये पेशंट्सच्या अपॉइंटमेंट्स रद्द झाल्या. २७ जूनच्या 'नॉटपेट्या'ने तेच भोक वापरलं, आणि शिवाय मशीनवरून चोरलेले पासवर्डही. त्यामुळे ज्यांनी पॅच टाकला होता, तेही पूर्ण सुरक्षित नव्हते. मर्स्क कंपनी त्यात सापडली आणि तिच्या समूहाकडे असलेलं आपल्या न्हावा शेव्यातलं एक टर्मिनलसुद्धा ठप्प झालं.

मग काय, आलं की लगेच टाकायचं? तसंही नाही. ११ जानेवारी २०२२ चे अपडेट्स आठवा. काही डोमेन कंट्रोलर आपोआप पुन्हापुन्हा रिस्टार्ट होत होते, काही ठिकाणी हायपर-व्हीची व्हर्च्युअल मशीन्स सुरूच होत नव्हती. दुरुस्ती आली १७ तारखेला. मार्च २०२४ मध्येही अपडेटनंतर डोमेन कंट्रोलरची मेमरी गळायला लागली, दुरुस्तीला दहा दिवस गेले.

आता हे आकडे शेजारी ठेवा. दुरुस्ती यायला ६ दिवस, १० दिवस. हल्ला यायला ३१ दिवस, ५९ दिवस, सहा महिने. हा काही नियम नव्हे, पॅच यायच्या आधीच हल्ला सुरू असल्याचीही उदाहरणं आहेत आणि तेव्हा थांबायला वावच नसतो. पण एरवी मधल्या त्या दोनेक आठवड्यांच्या फटीतच आपलं काम आहे. 'बघू नंतर' म्हणणारा माणूस थांबत नसतो, तो विसरत असतो. थांबायचं तर कॅलेंडरवर तारीख टाकून थांबा.

आणि एक. 'आधी दुसऱ्यांना टाकू दे' म्हणताना ते दुसरे म्हणजे कोण? आपल्यासारखंच कुणीतरी, बुधवारी रात्री मरू घातलेल्या सर्व्हरसमोर बसलेलं. नोन इश्यूजची यादी त्यांच्या जागरणातून भरते. सगळेच थांबले तर ती यादी कोरीच राहील. म्हणून एखादं कमी महत्त्वाचं मशीन पहिल्या दिवशी पॅच करावं, साध्या युजरच्या लॉगिनने तपासावं, आणि काही मोडलं तर कळवावं. १९९९ च्या ऑक्टोबरात एवढं पुरेशा ठिकाणी झालं असतं, तर बऱ्याच ऑफिसांतली मेल बंद पडली नसती.