प्रवाशांची तपासणी : १८९७ आणि २०२०

मार्च २०२० मध्ये दुबईहून परतलेल्या प्रवाशांत पुण्यातील पहिले कोरोनाबाधित आढळले. त्याच महिन्यात आंतरराष्ट्रीय विमाने थांबली. मे महिन्यात ‘वंदे भारत’ मोहिमेतून माणसे परतू लागली, ती विलगीकरणाची अट पत्करूनच. ऑगस्टपासून ९६ तासांच्या आतील आरटी-पीसीआर अहवाल असल्यास संस्थेतील विलगीकरणातून सूट मागता येऊ लागली. नाकातील नमुना देताना, अहवालाची वाट पाहताना आम्ही कुरकुरलो.

राज्याने तेव्हा लागू केलेला साथरोग कायदा मात्र १८९७ चा, प्लेगच्या वर्षाचा होता. रेल्वेच्या प्रवाशांना तपासण्याचा अधिकार त्याने सरकारला दिला होता. त्या काळी अहवालाचा कागद नव्हता. काखेत, जांघेत गाठ आहे काय, हे अंगावरच पाहिले जाई. पुण्यात रँडसाहेबाच्या अमलात गोरे सैनिक घरांत शिरले. स्त्रियांच्या हालांविषयी पंडिता रमाबाईंनी वृत्तपत्रातून जाहीर तक्रार केली. २२ जून रोजी रँडवर गोळी झाडली गेली.

साथ रोखण्यास तपासणी हवीच. परंतु तपासून घेणाऱ्याची अब्रू कायद्याच्या कलमांत लिहिलेली नसते; ती तपासणाऱ्यानेच राखावयाची असते. पुण्याने हा धडा फार मोठी किंमत देऊन घेतला आहे.