शिळ्या डीएनएची गोष्ट

तंबाखूच्या खोडातले भेंड ऑक्झिन या संप्रेरकावर ठेवले, की पेशी फुगतात. विभागत मात्र नाहीत. विस्कॉन्सिन विद्यापीठात फोल्के स्कूग आणि कार्लोस मिलर याच कोड्यामागे होते. नारळाच्या पाण्याने विभाजन सुरू होई, पण त्यातले द्रव्य हाती येईना. मिलरने हेरिंग माशाच्या शुक्रपेशींचा, बाटलीत जुना झालेला डीएनए घातला आणि पेशी विभागू लागल्या. नवी बाटली आणली, तर काहीच घडेना! मग ताजा डीएनए आम्ल पाण्यात, दाबाखाली तापवला, गुण परतला. १९५५ मध्ये त्यातून कायनेटिन मिळाले.

याला नशिबाचा शोध म्हणतात. मला पटत नाही. शिळी बाटली कोणाच्याही फडताळात असते. ताजी मुद्दाम शिळी करून पाहणारे विरळा.

१९५७ मध्ये दोघांनी दाखवले: ऑक्झिन जास्त तर मुळे, कायनेटिन जास्त तर कोंब. जळगावच्या ऊतिसंवर्धित केळीचे कोंब याच कुळातल्या द्रव्यांनी फुटतात.

गंमत अशी, की डीएनएतून निघालेले कायनेटिन हा जनुकाचा निरोप नव्हेच, मोडतोडीतला तुकडा. वनस्पतीचे स्वतःचे झिएटिन पुढे मक्याच्या कोवळ्या दाण्यांत सापडले. ही खूण ओळखणारे प्रथिन हाती लागायला मात्र २००१ उजाडले.