'गेमफिश' ही संज्ञा आणि लुइझिआनाचे खाजण

इंग्रजीतील 'गेमफिश' हा शब्द प्रथमदर्शनी प्राणिशास्त्रीय वाटतो. वस्तुतः तो तसा नाही. कोणत्याही मत्स्यकुलाच्या वर्गीकरणात त्यास स्थान नाही. गळास लागलेला मासा किती झुंजतो, यावरून शौकिनांनी तो रूढ केला, आणि पुढे काही विधिमंडळांनी त्यास निराळाच अर्थ दिला : जो मासा बाजारात विकता येत नाही, तो. बाराव्या शतकातील चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 'मानसोल्लासा'त गळाच्या शिकारीस 'मत्स्यविनोद' म्हटले आहे. परंतु तेथे विनोद राजाचा असून त्यामुळे माशावरील इतरांचा हक्क नाहीसा झाल्याचे दिसत नाही. शौकाची संज्ञा कायद्याची कशी झाली, हे पाहावयाचे तर अमेरिकेतील लुइझिआना राज्याचा किनारा अभ्यासण्याजोगा आहे.

मिसिसिपी नदीच्या गाळाने घडलेला हा किनारा म्हणजे एक विस्तीर्ण खाजणच होय. मात्र कोकणाप्रमाणे येथे तिवरांचे राज्य नाही, मुख्यतः खाऱ्या पाण्यातील उंच गवताचे आहे. येथील भाषाही गाळासारखी थरांवर थर साचलेली आहे. संथ प्रवाहास म्हणावयाचा 'बायू' हा शब्द चॉक्टॉ लोकांच्या भाषेतून फ्रेंचमध्ये व तेथून इंग्रजीत आला. 1778 नंतर कॅनरी बेटांतून आलेल्या 'इस्लेन्यो' वसाहतकारांच्या वंशजांनी डेलाक्रोआसारख्या कोळीवस्त्यांत आपली स्पॅनिश बोली विसाव्या शतकापर्यंत जपली. या सर्वांच्या ताटात असणारा एक मासा म्हणजे 'रेडफिश'. लुइझिआनाच्या फ्रेंचमध्ये तो 'प्वासाँ रूज', शास्त्रग्रंथांत 'सायनॉप्स ऑसेलॅटस'. शेपटीजवळच्या काळ्या डोळ्यासारख्या ठिपक्यावरून हे विशेषण त्यास 1766 साली लिनियसने दिले. आपल्या घोळ व ढोमा यांच्याच कुलातला हा मासा. खोल पाण्याच्या मुखाशी त्याचा जन्म होतो. भरतीबरोबर पिले खाजणात शिरतात, तेथे तीन-चार वर्षे वाढतात आणि प्रौढ झाल्यावर बहुतांशी आखाताकडे परततात. पुढील हकिगतीची सारी गुंतागुंत या जीवनक्रमात आहे.

खाऱ्या पाण्यात कृत्रिम माशीने, म्हणजे पिसे व केस बांधलेल्या गळाने, मासा धरण्याची विद्या शेजारच्या फ्लोरिडात विशेष वाढली. 1947 साली जो ब्रुक्स याने जिमी ऑल्ब्राइट या वाटाड्याबरोबर तेथील उथळ पाण्यात 'बोनफिश' धरला, आणि 1950 साली या विषयावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. ग्रंथावर नाव शौकिनाचे राहिले. पाणी मात्र वाटाड्याने वाचले होते. होडीच्या मागील टोकावरील उंच चौथरा, जो सत्तरीच्या दशकात बिल कर्टिस या वाटाड्याने प्रचारात आणला असे मानतात, तो याच वाचनाचे साधन होय. लुइझिआनात उन्हाळी पहाटे वाटाड्या या चौथऱ्यावरून लांब काठीने होडी रेटतो. खेकडे हुडकणाऱ्या रेडफिशची शेपटी गवताच्या कडेला पाण्यावर येते, तेव्हा तो पुढे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकास घड्याळाच्या भाषेत दिशा सांगतो : अकरा वाजता, चाळीस फूट. होडीचे टोक म्हणजे बारा. दुपारच्या वादळी पावसाआधी परतावयाचे असते.

हा व्यवसाय आज ज्या पायावर उभा आहे तो मात्र एका पाककृतीने घातला, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही. न्यू ऑर्लीन्स येथील पाककुशल पॉल प्रूडोम याने 1980च्या सुमारास मसाला लावून तापलेल्या लोखंडी तव्यावर काळपट भाजलेला रेडफिश लोकप्रिय केला. मागणी देशभर पसरली. आखातात विमानांनी थवे हेरून प्रचंड जाळ्यांनी प्रौढ मासे, म्हणजे अंडी घालणारी पिढीच, उपसली जाऊ लागली. 1986 साली संघीय शासनास आणीबाणीचे नियम करावे लागले. टेक्ससने 1981 सालीच आपल्या पाण्यातील रेडफिशची विक्री बंद केली होती. त्यामागे 1977 साली ह्यूस्टन येथे स्थापन झालेल्या शौकिनांच्या संघटनेचा रेटा होता. 1988 साली लुइझिआनाने व्यापारी पकड थांबविली. 1995 साली बहुतेक गिल जाळ्यांसही निरोप मिळाला. मासा वाचला, हे निर्विवाद. परंतु विनाश घडविणारी मोठी जाळी आखातात होती, आणि खाजणातील लहान कोळ्याचेही जाळे त्याच न्यायाने गेले. त्यास कोळंबी व खेकडे उरले. रेडफिश उरला तो गळवाल्यास. 'गेमफिश' या शब्दाने संरक्षण व वाटप ही दोन कामे एकदम केली, व पहिल्याच्या पुण्याईने दुसरे झाकले गेले.

याहून विलक्षण गोष्ट भूमीची. तटबंदीमुळे नदीचा गाळ खाजणात पसरेनासा झाला, तेलकंपन्यांनी खोदलेल्या कालव्यांतून खारे पाणी आत शिरले, जमीन खचत गेली. 1932 ते 2016 या काळात सुमारे 5,200 चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ चतुर्थांश किनारी भूमी नष्ट झाली. गवताचा सलग पट्टा फुटू लागला की काठाची एकूण लांबी प्रथम वाढते; कोळंबी, खेकडे व मासे काठालाच राहत असल्याने काही काळ पीक उत्तम येते, आणि मग काठच उरत नाही. गिऱ्हाइकास दिसणारी समृद्धी कित्येक ठिकाणी या विघटनाचीच एक अवस्था असते. रेडफिशची संख्याही पुन्हा घटल्याने जून 2024 पासून राज्याने दररोजची मर्यादा पाचवरून चार माशांवर आणली, आणि 27 इंचांहून मोठा मासा ठेवण्यास पूर्ण बंदी केली.

बुडालेल्या जमिनीवरील पाणी कोणाचे, हा वाद त्यातूनच उपजला. जमीन खासगी होती तेव्हा तीवरचे पाणीही खासगीच, असे मालकांचे म्हणणे. भरती-ओहोटीचे पाणी सर्वांचे, असे गळवाल्यांचे. मासा विकता येत नाही, पण त्याच्यापर्यंतची वाट अडविता येते. कित्येक कालव्यांच्या तोंडाशी साखळ्या व फाटके लागली आहेत, आणि वाटाड्यास आता भरतीच्या कोष्टकाबरोबर मालकीचे नकाशेही जवळ बाळगावे लागतात.