मनोऱ्यावांचून पवनचक्की

संक्रांतीस पतंग उडविणाऱ्या मुलास मांजाची ओढ बोटांस कशी काचते हें पक्कें ठाऊक असतें. ह्या ओढीस कामास जुंपण्याचा मोह मोठ्या माणसांसही पडत आला आहे. ब्रिस्टल येथील शिक्षक जॉर्ज पोकॉक यांनीं १८२६ सालीं पतंगांनीं ओढावयाच्या गाडीचें पेटंट घेतलें. त्या ओढीपासून वीज किती निघेल, याचें गणित अमेरिकेंतील माइल्स लॉइड यांनीं १९८० सालीं मांडलें. पवनचक्कीच्या पात्याचा टोंकाकडील भागच अधिक वेगानें फिरतो व बरेंचसें काम तोच करितो. मग तेवढाच भाग पंखासारखा दोरीस बांधून आकाशांत वाऱ्यास आडवा उडविला तर मनोरा हवा कशास? प्रचंड मालवाहू विमानाच्या पंखाएवढा पंख सेकंदास १० मीटर वेगाच्या वाऱ्यांत ६.७ मेगावॅट वीज देईल, असा त्यांचा हिशेब होता.

हिशेबांत चूक नव्हती. परंतु मनोरा काय काय करितो, हें तो काढून टाकल्यावरच उमगलें. वारा पडला तरी मनोरा चक्कीस उभी धरून ठेवितो. पंखास मात्र दर वेळीं सांवरून खालीं उतरवावें व पुन्हां चढवावें लागतें. दोरी हवेच्या विरोधानें वेग खाते आणि ताण सोसून झिजते. आकार वाढवावा, तर क्षेत्रफळ वर्गानें वाढतें व वजन घनानें वाढूं पाहतें.

कॅलिफोर्नियांत २००६ सालीं निघालेली मकानी ही कंपनी ह्या अडचणींशीं १३ वर्षांहून अधिक काळ झुंजली. २०१३ सालीं ती गूगलनें घेतली. तिच्या २६ मीटर लांबीच्या पंखावर आठ पंखे होते. ते चढतांना वीज घेऊन पंखास उचलीत. मग वाऱ्यानें फिरून वीज निर्माण करीत व ती दोरींतूनच खालीं येई. ऑगस्ट २०१९ मध्यें नॉर्वेच्या समुद्रांत तरंगत्या तळावरून हा पंख उडाला. परंतु त्याच चाचण्यांत तो पाण्यांत कोसळला. फेब्रुवारी २०२० मध्यें मालकांनीं हात काढून घेतला.

जातांना ह्या मंडळींनीं आपल्या चाचण्यांचे व अपघातांचे सविस्तर अहवाल जगापुढें ठेविले, आणि आपलीं पेटंटें कोणीं वापरल्यास हरकत न घेण्याचें वचन दिलें. आम्ही वर्गांत बहुधा यशस्वी यंत्रांचाच इतिहास शिकवितों, ही आमची उणीव होय. कोठें पाय घसरला हें प्रामाणिकपणें लिहून ठेवणाऱ्यांचें ऋण त्या इतिहासांत मांडिलें पाहिजे. पुढचा पंख उडविणारा त्यांचेच अहवाल आधीं उघडील.