सोप्यातल्या तसबिरी

दिवाळीपूर्वी घराला रंगसफेदी करायची म्हणजे पहिले काम तसबिरी उतरवण्याचे. चुन्यात नीळ कालवण्याआधी, फळीवरची पितळी भांडी खाली येण्याआधी, सोप्यातल्या चौकटी एकेक करून खाली उतरत. त्यांच्यामागे भिंतीवर जुन्या रंगाचे स्वच्छ चौकोन दिसत. कोळ्यांची जाळी निघत, एखाद्या चौकटीमागे चिमणीचे घरटेही सापडे. काचा पुसून, रंग वाळवून पुन्हा त्याच खिळ्यांवर, त्याच क्रमाने तसबिरी चढत. क्रम ठरलेला असे. मधोमध देव, एका अंगाला राजे नि पुढारी, दुसऱ्या अंगाला घरची माणसे. वरची बाजू किंचित पुढे झुकवून, दोरीने बांधून त्या इतक्या उंच लावीत, की आल्यागेल्याला मान वर करूनच पाहावे लागे.

आमच्यासारख्या द्विभाषिक मुलखातल्या मराठी घरांचा इतिहास लिहायचा झाला, तर दप्तरखान्यातल्या कागदांइतकेच या भिंतींकडे पाहावे लागेल, असे मला वाटते. राज्ये बदलली, शाळेची भाषा बदलली, गावाच्या पाटीवरची लिपी बदलली; भिंतीवरच्या खिळ्यांचा क्रम मात्र पुष्कळ घरांत दोन-तीन पिढ्या तसाच राहिला. गंमत अशी, की या तसबिरी घडवण्यात बृहन्महाराष्ट्रातील माणसांचा आणि संस्थानांचा वाटा फार मोठा आहे, आणि तो आपण जवळजवळ विसरलो आहोत.

कागदी चित्र घरोघर येण्यापूर्वी भिंत सजवणे ही श्रीमंतांची गोष्ट होती. वाईजवळच्या मेणवलीला नाना फडणिसांच्या वाड्यात भिंतीच रंगवलेल्या आहेत. तिकडे तंजावरला मराठ्यांचे राज्य होते. तेथे दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळात (१७९८ ते १८३२) लाकडी फळीवर कापड ताणून, त्यावर सोन्याचा वर्ख आणि काचेचे खडे बसवून काढलेली देवांची चित्रे भरभराटीला आली. गुबगुबीत बाळकृष्णाचे ते तंजावरी चित्र आजही दक्षिणेतल्या जुन्या मराठी घरांत आढळते. पण वर्ख आणि खडे सामान्य कारकुनाच्या आवाक्यातले नव्हते. त्याच्या भिंतीला छापखान्याची वाट पाहावी लागली.

पुण्यात १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने चित्रशाळा निघाली. पुढे वासुकाका जोशी यांनी ती अनेक वर्षे चालवली. रामपंचायतन, शिवाजीमहाराज, पेशवे, नाना फडणीस अशी रंगीत शिळाछापाची चित्रे तिथून बाहेर पडू लागली. पेशवाई जाऊन साठ वर्षे झाली होती. ज्यांनी पेशवाईचे नाव केवळ आजोबांच्या तोंडून ऐकले होते, त्यांना तिचे चेहरे प्रथमच भिंतीवर मिळाले. देवाशेजारी इतिहासपुरुष टांगण्याची आपली पद्धत या काळात रुजली. पुढे त्याच रांगेत लोकमान्य आले, गांधीजी आले, बाबासाहेब आले. बेळगावला १९२४ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले. गांधीजींनी अध्यक्षस्थान स्वीकारलेले ते एकमेव अधिवेशन. निजामाच्या राज्यात राहणाऱ्या मराठी घरांनी १९४८ नंतर स्वामी रामानंद तीर्थांना या रांगेत मानाने बसवले. स्वामीजींचा जन्मही विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगीचा, म्हणजे सीमेवरचाच.

रंगीत देवादिकांची खरी लाट आणली ती राजा रविवर्म्याने. या कहाणीतला एक दुवा मला विशेष महत्त्वाचा वाटतो, तो म्हणजे सर टी. माधवराव. हे तंजावरकडचे मराठी गृहस्थ. घरात मराठी, भोवती तमिळ, आणि कारभार इंग्रजीतून. त्रावणकोर, मग इंदूर, मग बडोदे अशा तीन संस्थानांची दिवाणगिरी त्यांनी केली. त्यांनी १८८४ साली रविवर्म्याला पत्र लिहून सुचवले, की तुमच्या चित्रांना इतकी मागणी आहे आणि तुमचे हात दोनच आहेत; तेव्हा निवडक चित्रे युरोपात पाठवून त्यांच्या रंगीत प्रती छापवून घ्या. बडोद्याला सयाजीरावांनी १८८८ मध्ये रविवर्म्याकडे चौदा पौराणिक चित्रांचे काम सोपवले. राजवाड्यात जाण्यापूर्वी ती चित्रे लोकांना पाहायला ठेवली, तेव्हा ती बघायला माणसांची रीघ लागली. देव पाहायला देवळातच जावे लागते असे नाही, हे बहुजनांना कळले. आणि या चित्रांना केवढे गिऱ्हाईक आहे, हे चित्रकारालाही कळले. अखेर युरोपात चित्रे न पाठवता १८९४ साली मुंबईतच छापखाना निघाला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. विसाव्या शतकाच्या आरंभी श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला.

हे छपाईचे काम फार कष्टाचे असे. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. एकाच कागदावर अनेक वेळा ठसा उमटवायचा, आणि दर वेळी तो केसभरही हलता कामा नये. शेवटी वरून रोगण. म्हणून त्या चित्रांना तैलचित्राची झाक येई. कमळावर उभी असलेली चतुर्भुज लक्ष्मी आणि शेजारी सोंडेत हार धरलेला हत्ती हे चित्र कोणी पाहिले नाही? लक्ष्मीपूजनाला चौरंगावर ठेवण्यासाठी तेच, आणि बाराही महिने भिंतीवर तेच. घरातल्या बायकांनी या छापील देवींना स्वतःच्या हाताने सजवले. लुगड्याच्या काठावर खरी जर चिकटवली, दागिन्यांच्या जागी टिकल्या आणि मणी शिवले, मग काच बसवली. छापखान्यातून हजारोंनी निघालेले चित्र अशा रीतीने एका घराचे होई.

चित्राला भाषा नसते, याचा प्रत्यय आमच्याकडे येतो. शेजारच्या कानडी घरात तीच लक्ष्मी, तीच वीणाधारी सरस्वती. मराठी आणि कानडी वर्तमानपत्रे एकमेकांविरुद्ध अग्रलेख लिहीत होती त्या काळातही दोन्ही घरांत दिवाळीला एकाच देवीपुढे लाह्या-बत्तासे ठेवले जात होते.

पुढच्या पिढीत भिंतीचा ताबा कॅलेंडरांनी घेतला. वर्ष संपले की खालचे तारखांचे कागद फाडायचे आणि वरचे चित्र चौकटीत बसवायचे, ही काटकसर घरोघर होती. ही चित्रे काढणाऱ्यांची नावे पाहा. दीनानाथ दलाल (जन्म १९१६) गोव्याचे. रघुवीर मुळगावकर (जन्म १९१८) गोव्याचे. एस. एम. पंडित (जन्म १९१६) गुलबर्ग्याचे. दलालांनी १९४५ साली 'दीपावली' सुरू केला, आणि दिवाळी अंकाचे मुखपृष्ठही कापून चौकटीत बसवण्याची वस्तू ठरली. मासिक मनोरंजनाने १९०९ मध्ये दिवाळी अंकाची प्रथा पाडली, तिला रंगरूप दिले ते असे सीमेपलीकडच्या माणसांनी. पुण्या-मुंबईच्या भिंतींवर आमच्या मुलखाचा हात आहे, हे अभिमानाने सांगायला हरकत नाही.

आता घरच्या माणसांच्या तसबिरींकडे वळू. फोटोची कला १८३९ साली पॅरिसमध्ये जाहीर झाली आणि वर्षभरातच हिंदुस्थानात पोहोचली. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली, डॉ. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी हे आरंभीच्या देशी छायाचित्रकारांपैकी एक. संस्थानांनी या कलेला आश्रय दिला. लाला दीनदयाळ हे मूळचे उत्तरेकडचे, इंदूर दरबारच्या बांधकाम खात्यात नोकरीला होते. तुकोजीराव होळकरांच्या उत्तेजनाने ते फोटोकडे वळले, पुढे हैदराबादला निजामाचे छायाचित्रकार झाले आणि 'राजा' ही पदवी मिळवते झाले. पडद्यातल्या स्त्रियांसाठी त्यांनी १८९२ साली हैदराबादेत वेगळा जनाना स्टुडिओ काढला. तेथे फोटो घेणारीही बाईच होती. बडोद्याच्या कलाभवनात फोटोग्राफी शिकलेले दादासाहेब फाळके पुढे गोध्र्याला फोटोचा धंदा करून, लोणावळ्याला चित्रांचा छापखाना चालवून, मगच १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र'पर्यंत पोहोचले.

जुन्या फोटोत माणसे हसत का नाहीत, असे मुले विचारतात. कारण साधे आहे. त्या काळी काच बराच वेळ उघडी ठेवावी लागे. मान हलू नये म्हणून मागून लोखंडी टेकू लावीत. तेवढा वेळ हसू टिकवणे कठीण. शिवाय फोटो हा जन्मात एकदा, फार तर दोनदा काढायचा. मागे रंगवलेला पडदा, शेजारी फुलदाणीचे टेबल, हातात पुस्तक किंवा काठी. वाचता न येणाऱ्याच्या हातीही पुस्तक देत.

आमच्या घरात अशी एक तसबीर आहे. सात माणसे, पाच पुरुष उभे, दोन बायका खुर्चीवर बसलेल्या. मागच्या पुठ्ठ्यावर मोडीत नावे आहेत. मोडी वाचणाऱ्या एका स्नेह्याकडून मी ती वाचून घेतली. पाचही पुरुषांची नावे वडिलांच्या नावासकट मिळाली. बायकांच्या ठिकाणी नुसते 'दोन मंडळी' एवढेच आहे. त्यांपैकी एक माझी पणजी असावी असे घरात मानतात. कोणती, हे सांगणारे आता कोणी उरले नाही.

सीमाभागात ही अडचण दुप्पट आहे. आजोबांनी मोडीत लिहिले, ते वडिलांना वाचता आले नाही. वडिलांनी बाळबोधीत लिहिले, ते कानडी, तेलुगू, गुजराती किंवा इंग्रजी शाळेत जाणाऱ्या नातवंडांना अडखळत वाचावे लागते. नवे घर बांधताना किंवा फ्लॅट घेताना 'जुनाट' म्हणून चौकटी माळ्यावर जातात, माळ्यावरून भंगारात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्याची सीमा कुठून गेली याचा कागद सरकारात आहे. पण त्या दिवशी आपल्या घरात कोण कोण राहत होते, याचा कागद बहुधा त्या चौकटीतच आहे.

आणि भिंत म्हणजे केवळ गेलेल्यांची जागा नव्हे. तिला ऋतूही असत. दिव्याच्या अवसेला जिवतीचा कागद लागे. त्यात नरसिंह, कालियामर्दन करणारा कृष्ण, लेकुरवाळी जिवती आणि हत्ती-वाघावर बसलेले बुध-बृहस्पती. श्रावणभर त्याची पूजा होई. नागपंचमीला भिंतीवर नाग रेखाटत, हादग्याला हत्ती. दिवाळीत हे काम अंगणात उतरे. बेळगावात तांबड्या मातीचा किल्ला होई. दगडविटा रचून वर गोणपाट, त्यावर माती, उतारावर पेरलेले हळीव, पायथ्याशी मातीचे मावळे. कोणी रायगड करी, कोणी घराजवळचा राजहंसगड. गोव्यात त्याच दिवसांत नरकासुराचा सांगाडा उभा राही. कामट्या, पतंगाचा कागद आणि खळ एवढ्यावर आकाशकंदील होई. यातल्या कशालाही पैसा फारसा लागत नसे. वडीलधाऱ्याने मुलाशेजारी तासभर बसणे मात्र लागे. त्या तासात मुलाच्या कानावर बुरूज, चोरदरवाजा, कामटी, खळ असे शब्द पडत. शाळेत मराठी नसलेल्या मुलांपर्यंत आपली भाषा पुष्कळदा अशीच पोहोचली आहे.

यंदा एवढेच करून पाहावे. तसबिरी उतरवल्या की काच पुसताना पाणी थेट काचेवर ओतू नये. कडेने आत झिरपते आणि फोटो काचेला चिकटतो. चिकटलेला असल्यास ओढून काढू नये. पुठ्ठ्याला कसर किंवा वाळवी लागली असेल तर पुठ्ठा बदलावा, पण त्यावरचा मजकूर आधी उतरवून घ्यावा. ओलीच्या भिंतीवर आणि थेट उन्हासमोर मूळ फोटो टांगू नये. त्याची चांगली प्रत काढून ती चौकटीत लावावी आणि मूळ फोटो कोरड्या जागी ठेवावा. पाठीमागे मऊ शिसपेन्सिलीने नाव, गाव, नाते आणि ठाऊक असल्यास साल लिहावे. आपल्या लिपीत लिहावे, आणि मुले ज्या लिपीत शिकतात तिच्यातही लिहावे. त्यात कमीपणा नाही. माधवरावांसारख्यांची सारी हयात दोन-तीन भाषांत गेली. किल्ला केलात तर त्याचाही एक फोटो काढून, करणाऱ्यांची नावे घालून, त्याच ओळीत लावा. पन्नास वर्षांनी तोही जुना होईल.

आणि हे काम करताना घरातल्या सर्वांत वयस्कर बाईला शेजारी बसवा. पुरुषांची नावे कोठे ना कोठे लिहिलेली सापडतात. बायकांची तिलाच ठाऊक असतात.